लाकडाची नस

तुम्हाला खरं वाटणार नाही, पैज लावतो. ही माझी सून चारुलता आत्तापासूनच गालात हसतेय. हसू दे. मी लाकडाच्या पायातून नस निघताना पाहिलीय, इथेच, इंदुरात!

होळकरशाही जाऊन मध्यभारत राज्य आलं होतं. जुन्या इंदुरात नसनाथ महाराजांचा मांडव पडला आणि अर्धं शहर लंगडत तिकडे निघालं. उरलेलं अर्धं बघायला. महाराज ओल्या कापसाचा बोळा पायावर फिरवत, डोळे पांढरे करत आणि चिमटीत धरून लांबलचक नस उपसत. "ले भिया, निकल गई! जय हो!"

आमचे शेजारी शंकरराव, दरबारातले जुने कारकून. तळपायात आग, बोटांत मुंग्या. महाराजांनी त्यांचीही नस उपसली; आग तश्शीच. मग महाराज म्हणाले, "नस की जड अभी बाकी है. शनिवार को चाकू से काटेंगे."

शंकरराव तयार! इंदुमतीबाई मात्र नवऱ्यावर कडाडल्या, "साधं लुगडं घ्यायचं तर आपण चार दुकानं पालथी घालतो, आणि पाय पहिल्याच दुकानात कापायला देता? चला तुकोगंजला, डॉक्टरीणबाईंकडे!"

तिथे डॉक्टर कुमुदिनीबाईंनी बोटांच्या बेचक्यात दाबलं. शंकरराव किंचाळले. बाईंनी त्यांचे टोकदार पंपशू उचलले. "हेच घालता रोज?"

"दरबारी जोडे आहेत, बाई!"

"दरबार बरखास्त झाला, आता बोटांनाही सुटी द्या. आवळून आवळून नस सुजलीय. रुंद वहाणा घाला. नाहीच भागलं तर पुढचं बघू. सुरी सगळ्यात शेवटी."

"पण महाराजांनी नस काढून दाखवली ना!"

शंकररावांचा हेका सुटेना. शनिवारी मांडवात नवऱ्याचा नंबर लागण्याआधीच इंदुमतीबाई बायकांच्या पडद्याआड बसल्या. थंडीचे दिवस, पडद्याखालून मोज्यातला पाय पुढे आला. महाराजांनी मोज्यावरूनच बोळा फिरवला. "अरे माई, पाँव तो लकडी हो गया है!" आणि उपसली की नस!

इंदुमतीबाईंनी पडदा बाजूला सारला, मोजा काढला. आत मोची ज्यावर जोडा ठोकतो तो लाकडी पाय! मग त्यांनी बोळा हिसकावून फोडला. कापसात तातीची आणखी वेटोळी. सारंगीला लावतात ना, बकऱ्याच्या आतड्याची तार, तीच.

शंकररावांनी तिथल्या तिथे पंपशू काढले आणि अनवाणी घरी आले. पाय शाबूत.

तेव्हा सांगतो, बाबा भगव्यातला असो की कोटातला, सुरी लावू देण्याआधी आणखी एका जाणत्याला विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर नमस्काराआधी बोळा उघडून बघा.

महाराज? पळाले! आणि तो लाकडी पाय त्यांच्या मागे टणाटण उड्या मारत थेट मैलोगणती लांबच्या मानपुरापर्यंत गेला. मी स्वतः...

"मामंजी, खोटं!" चारुलता ओरडली. "लाकडात नस नव्हती हे आत्ता तुम्हीच सांगितलंत. मग ते धावलं कशाच्या जोरावर?"