सूर्यास्ताला मुदतवाढ

एगॉन कोफोडने झेंडा सूर्यास्ताच्या आत उतरवला. गल्लीचं यावर एकमत आहे, तेव्हा विषय संपला.

आठ वाजून सहा मिनिटांनी झेंडा वरच होता. एगॉन खांबापासून दहा पावलांवर, गळ्यापर्यंत बटणं लावून आणि डोक्यावरून खिडकीचा जाळीचा पडदा ओढून उभा होता. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. खांबाच्या बुडाशी असलेल्या भोकातून तीन गांधीलमाश्या चौकशीला आल्या. त्याने ते पाऊल मागे घेतलं.

"दाजी, पंचाहत्तरीला अगदी नवरी शोभताय," मेहुणा प्रेबेन खुर्चीतून म्हणाला. त्याचा उजवा कान बटाट्याएवढा झाला होता. दुपारी केकची बशी घेऊन तो खांबाला टेकला, तेव्हाच खाली बिऱ्हाड असल्याचं घराला कळलं. सकाळच्या गारव्यात एगॉनने वाढदिवसाचा झेंडा चढवला, तेव्हा मंडळी अजून उठली नसावीत.

"मधमाश्याच या. धूर करा, जातील," प्रेबेन म्हणाला.

"मधमाशीला लव असते रे," एगॉनची बायको आस्ता टेबल आवरत म्हणाली. "या बघ, गुळगुळीत. शिवाय जमिनीतल्या मधमाश्या आपापली वेगळी भोकं करतात. इथे दार एक आणि जत्रा सगळी त्यातूनच."

"मग पेट्रोल ओततो."

"ओत. त्या मातीतले बटाटे तुझ्या घरी पाठवते." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, उंदराचं जुनं बीळ आहे ते. थंडी पडली की आपोआप संपतील. तोवर चार खुंट्या ठोकू, दोरी बांधू, लांबून जाऊ. आणि झेंड्याचं म्हणाल तर अंधार पडला की सगळ्या आत जातात. तेव्हा हळूच उतरवा."

"अंधार पडला की," एगॉन पडद्याआडून म्हणाला.

घोडं तिथेच पेंड खात होतं. देशाच्या पूर्व टोकाच्या या बेटावर सूर्य आठ एकोणतीसला मावळणार होता, आणि त्यानंतर फडकणारा झेंडा सैतानासाठी असतो हे तिथे शेंबडं पोरही सांगेल. एगॉन तर गेली शेहेचाळीस वर्षं संध्याकाळी विसराळू शेजाऱ्यांच्या घंट्या वाजवत आला होता. जो चुकेल त्याने आपला खांब आपल्या हाताने कापावा, हा गल्लीचा ठरावही त्याचाच. ठराव एकमताने संमत झाला होता. बाकीचे तेव्हा कॉफी घ्यायला गेले होते.

करवत त्याने दुपारीच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. खांब लग्नाच्या वर्षी त्याने आणि आस्ताने मिळून रंगवला होता.

"तुम्हाला कोण धरतंय हो, दाजी?"

"मी धरीन."

आठ सत्तावीसला आस्ताने एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि ती कुंपणाशी जाऊन मोठ्याने बोलू लागली.

"इंगा? अगं, तुमच्याकडे सूर्य आहे का?... काय म्हणतेस!... कपडे अजून बाहेरच?... बरं, धरून ठेव." तिने फोनवर तळवा ठेवला. "माझी बहीण म्हणते, पश्चिम किनाऱ्यावर लख्ख ऊन आहे. आठ सत्तावन्नला मावळेल."

"ते तिकडे."

"देश एक, झेंडा एक. सूर्य काय दोन आहेत?"

एगॉनने विचार केला. सूर्यास्त म्हणजे कुठल्या गावचा, हे ठरावात नव्हतं. त्याने करवतीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि तो बाकावर बसला. प्रेबेनने त्याच्या हातात केकचा तुकडा दिला. पडदा वर करून त्याने तो सावकाश खाल्ला.

भोकाशी वर्दळ विरळ झाली. शेवटची माशी दारात बराच वेळ थांबली. आत कुणाशी तरी बिनसलं असावं. मग तीही गेली. एगॉन चोरपावलांनी पुढे झाला, दोरी सोडली, झेंडा जमिनीला न लावता घडी करून काखेत घेतला. आठ चौपन्न.

"इंगाचे आभार मानतो. फोन दे."

"उद्या माना की."

"दे."

आस्ताने फोन दिला. फोनची काच काळी होती. त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. सकाळच्या शुभेच्छांनीच फोनचा जीव गेला होता आणि चार्जर लावायचं त्यानेच पुढे ढकललं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती टेबलावरचा चुरा तळहातात गोळा करत होती, एकेक कण मोजून घ्यावा तशी.

एगॉनने टाचा जुळवल्या आणि फोन कानाला लावला.

"इंगा, एगॉन बोलतोय. आजच्या सहकार्याबद्दल आभारी आहे. येत्या सोळा सप्टेंबरला सौ. आस्ता यांचा वाढदिवस असून, त्या दिवशीही या पत्त्यावरील सूर्यास्त अठ्ठावीस मिनिटे पुढे ढकलण्यात यावा आणि तसे संबंधित माश्यांना लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती."