कुंपणावरून माप घेतलेला खुड्या

मित्रांनो, मी एक जुना खुड्या आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा, पण आमच्या जातीत तेवढ्यात म्हातारपण येतं. लांब नळी, टोकाला फिरतं पातं, माणसाच्या पाठीवर बॅटरी. तुरीचे शेंडे खुडणं हे माझं काम.

आमच्या बिदर-कलबुर्गीच्या काळ्या रानात तूर मांडीइतकी उंच झाली की तिचा कोवळा शेंडा खुडतात. मग ती वर पळायचं सोडून बाजूनं फुटते आणि शेंगांनी भरते. पण हे पंधरा दिवसांत उरकावं लागतं. कळी दिसली की खुडणी संपली. ही गोष्ट इथल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. मला ज्यानं घडवलं त्या इंजिनीअरला मात्र ठाऊक नव्हती.

त्याचं नाव बसवप्रभु. मैलूरला त्याचा कारखाना. त्याआधी त्यानं बंधाऱ्याची लोखंडी दारं केली होती आणि ती चांगली झाली होती, हे मी नाकारत नाही. पण एकदा यश मिळालं की काही माणसं ते टोपीसारखं घालून सगळीकडे हिंडतात, न्हाणीतसुद्धा. दारांच्या वेळी त्यानं भिंतीवर पाच चौकोन काढले होते. मोजणी, नकाशा, मंजुरी, उत्पादन, वापर. एक चौकोन संपला की त्यावर हिरवी फुली, आणि मग परत मागं वळायचं नाही. माझ्या वेळीही तेच चौकोन. भिंतसुद्धा पुसली नव्हती, फक्त वरचं 'दार' खोडून 'खुडणी यंत्र' लिहिलं.

कारखान्यात निंगप्पा नावाचे जुने मिस्त्री होते. ते म्हणाले, "अण्णा, आधी एकच करू. रानात न्हेऊ, बाया काय म्हणत्यात ऐकू, मग दुसरा करू."

"अप्पा, तुम्ही जन्मभर हीच ठोकाठोकी केलात. दारं कशी केलो आपण? आधी कागद, मग लोखंड."

"दारं येगळी. पाणी किती दाबतंय ते हिशोबानं कळतंय. अन् दार फुटलं तर गाव वाहून जातंय, तिथं 'करून बघू' म्हणता येत न्हाई. पर तुरीचा शेंडा कुणी मोजलाय? ह्यो चुकला तर चार झाडं जात्यात. चुकू द्या की!"

"तुमचं वय झालंय, अप्पा."

संपलं. चाळीस वर्षं हातोडा धरलेल्या माणसाला एवढंच उत्तर.

आता पुढचं ऐका आणि हसा. मोजणीच्या चौकोनाची तारीख होती फेब्रुवारीची. तूर तर संक्रांतीच्या आसपासच कापून होते. रानात एक झाड नाही. शहाणा माणूस ऑगस्टपर्यंत थांबला असता. पण थांबलं तर फुली चुकते ना! मग आमचे बसवप्रभु साहेब गाडी काढून हुमनाबादच्या रस्त्याला गेले आणि एका गोठ्याच्या कुंपणाला लावलेल्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, मोजून आले. पुरुषभर उंची, अंगठ्याएवढी जाडी, हाडासारखा कडकपणा. टेप लावून, फोटो काढून, दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे लिहून.

तर मित्रांनो, मी तुरीसाठी नाही, कुंपणासाठी जन्मलो. मला करवतीसारखं दातेरी पातं दिलं. दांडगी पण संथ मोटर दिली. हात वर करून धरावी अशी नळी दिली. आणि एक नाही, माझ्यासारखे चाळीस एकदम केले. पूजेच्या दिवशी नारळ फुटला, अंगणात तुराट्यांची पेंढी बांधून मला लावलं. कटाकट तुटल्या. टाळ्या! मीही फुगलो. मूर्ख घडवणाऱ्याचं यंत्रही मूर्खच असतं.

ऑगस्टात मी निर्ण्याला सोजराबाईंकडे आलो. नवरा वारल्यापासून त्या चार एकर तूर एकट्या सांभाळतात. वीस वर्षं विळ्यानं शेंडे खुडून त्यांचं उजवं मनगट गेलं होतं, भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. खुडणीच्या दिवसांत गावातली प्रत्येक बाई स्वतःच्या रानात असते, रोजानं कोणी मिळत नाही. बसवप्रभुनं उन्हाळ्यात सांगितलं होतं, "अक्का, यंदा विळा हातात घ्यायचा न्हाई." त्या शब्दावर त्या बसून राहिल्या. पंधरातले सात दिवस माझी वाट बघण्यात गेले.

मी पहिल्या झाडाला लागलो. कोवळा शेंडा तुटला नाही, माझ्या दातांत गुंडाळला. मी ओढलं. ओल्या मातीतून झाड मुळासकट वर आलं. दुसरं चिंधी झालं. तिसरं पुन्हा मुळासकट.

सोजराबाईंनी उपटलेलं झाड उचलून हातात धरलं. मग म्हणाल्या, "ह्ये खुडायलंय का तुरीचं जावळ काढायलंय?"

कारखान्याला फोन लावला. साहेब म्हणाले, "तुम्ही नीट धरत नसाल. आमचे सगळे चौकोन पूर्ण झालेत." दुखऱ्या मनगटाच्या बाईला चौकोन सांगणारा माणूस! त्याच्या तोंडाला मी कुठलं पातं लावलं असतं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी निंगप्पा आले. कोणी पाठवलं नव्हतं, एसटीनं आले, पिशवीत कानस आणि पान्हे घेऊन.

"अक्का, ह्येचा दोष न्हाई. ह्यो तुरीला वळखत न्हाई, कुंपणाला भेटून आलाय."

"मग आता वळख करून द्या की अप्पा! कळी सात दिसांवर आलीया."

बांधावर बसून त्यांनी माझं दातेरी पातं काढलं, पत्र्याची पातळ पाती घासून बसवली. वेग वाढवला. पहिली खेप झाली. शेंडा सपकन तुटला, पण उडून सोजराबाईंच्या तोंडावर बसला.

"मला कामून मारायलाय ह्यो?" त्या हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आडोसा लावला. नळी छाटली. तरी दुपारपर्यंत त्या दमल्या, कारण मूठ उजव्या हाताला होती. निंगप्पांनी विचारलं, "दुखायलंय व्हय?" आणि तिसऱ्या दिवशी मूठ डाव्या बाजूला आली. हा प्रश्न पाच चौकोनांत कुठंच नव्हता. तीन दिवसांत मी तीनदा चुकलो आणि तीनदा सुधारलो. चार एकरांपैकी पावणेतीन एकर कळीच्या आत खुडून झालं. उरलेलं सव्वा एकर गेलं, ते गेलंच. त्याला मी गोड शब्दांनी झाकणार नाही.

बातमी लागली आणि साहेब आले. बांधावर उभे राहून माझे फोटो काढले, म्हणाले, "छान! अप्पा, ह्येचा नकाशा करा. पुढल्या साली हुबेहूब असेच चाळीस."

ऐकलंत? दुसऱ्यांचं रान, दुसऱ्यांचे हात, दुसऱ्या उंचीची तूर, काही बघायचं नाही. पुन्हा चाळीस!

सोजराबाईंनी माझी बॅटरी उतरवून त्यांच्यासमोर धरली. "कागद नंतर. आधी खुडा."

"मी?"

"मग काय मी? कळी न्हाई आलेली ही शेवटची ओळ ऱ्हायलीया."

"किती खुडायचं?"

"हात दुखेपतुर."

बूट चिखलात रुतले. अर्ध्या ओळीत कॉलर भिजली, पट्टा खांद्यात रुतला. शेवटी साहेब वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "अक्का, ही बॅटरी तुम्हाला एवढी जड लागत होती?" माझ्या जन्मापासून त्यांनी वापरणाऱ्याला विचारलेला तो पहिला प्रश्न.

मी त्यांना माफ केलेलं नाही. माझे एकोणचाळीस भाऊ मैलूरच्या शेडमध्ये गंजून पडलेत. पण पुढच्या साली निंगप्पांनी दोनच खुडे केले, एक चिंताकी गावाला दिला, एक निर्ण्यातच, आणि साहेब दोन्ही रानांत स्वतः चालले.

मित्रांनो, तुम्ही उद्या इंजिनीअर व्हाल. मला तेल घाला, झाकून ठेवा, असं रडगाणं मी गाणार नाही. लोखंड गंजायचंच. जिथं चुकलं तर माणूस मरतो, तिथं हजारदा कागद तपासा. आणि जिथं चुकूनच शिकता येतं, तिथं लवकर चुका, एकाच नगात चुका, आणि ज्याचा हात दुखतो त्याच्यासमोर चुका. ते जमत नसेल तर कृपा करून काही बनवू नका. कुंपणं आमच्याकडे भरपूर आहेत.