मिठाच्या दगडांवरचा शेंदूर

पुलाखालचं गवत दिसलं आन् आमचे मालक येड्यागत हसले. पावसानं दडी मारलेली, रानं करपलेली, शेतकरी बांधावर उभं राहू देईनात. आन् हितं मंगळवेढ्याच्या सडकेला, लोखंडी पुलाखाली हिरवंगार. मी म्हनलं, "एवढं गवत असून कुनाची ढोरं कशी न्हाईत वो हितं?" तर म्हनले, "अंबू, तुला चांगलं बगवतच न्हाय." घ्या! तितंच मेंढरं बसवली.

वर पुलावर रंगारी व्हते. जुना रंग खरवडायचे, नवा तांबडा लावायचे. खपल्या खाली गवतात पडायच्या. मेंढरं गवत खायची, आमी बघत बसायचो. कुनाच्या मनात काय येनार त्यात?

पयली मेंढी आंधळी झाली. दात खात गोल गोल फिरायची, बाभळीला डोकं लावून उभी राहायची. ती मेली, मग दुसरी. मालकांनी अन्न सोडलं. आमच्या पोटी पोर न्हाय. ही मेंढरंच त्यांची लेकरं. "बिरोबा कोपला," म्हनले, आन् रंगाऱ्यांच्या मुकादमाकडं गेले. त्यानं उरलेल्या रंगाचा डबा दिला. "शेंदूरच हाय बिरप्पा, तेलात कालवल्याला. लाव देवाला." खोटं न्हवता बोलत बिचारा.

मालकांनी बिरोबाचा दगड माखला. तेवढ्यावर भागंना, म्हनून मिठाच्या दगडांनाबी फासला. आमी चपट्या दगडांवर मीठ टाकतो, मेंढरं चाटत्यात. मिठासंगं देवाचा शेंदूर पोटात जाईल, रोग पळंल, असं मालकांचं म्हननं. मेंढरं चाटूनपुसून दगड उघडं करायची, मालक परत फासायचे. जसजशी मेंढरं मरायला लागली, तसतसा ह्यांचा हात सढळ झाला.

एक दिवस मालक मेलेलं मेंढरू पुरायला माळावर गेले व्हते. सडकेनं सोलापूरचा ढोरांचा डाक्टर सायकलीवरनं चालला व्हता. मी सरळ सायकलीला आडवी गेले. "सायब, बघितल्याबिगार जायचं न्हाय," म्हनलं. तवर आनखी एक मेंढी मरून पडली व्हती. त्यानं तिचं पोट चिरलं. आत रंगाची तांबडी कच. मग त्यानं दगडांकडं बघितलं.

"हे कुणी फासलं?"

"देवाचा शेंदूर हाय त्यो."

"बाई, शेंदूर शिशापासूनच करतात. शिसं म्हणजे विष. गवतातल्या खपल्यांनी सुरुवात झाली असेल, पण बाकीची या दगडांनी मारली. दगड फेका, मेंढ्या हलवा. उरलेल्या कदाचित वाचतील."

त्यो गेला. मी तितंच बसले. रडू यायला पायजे व्हतं, आलं न्हाय. एवढंच कळत व्हतं, की आपल्याच हातानं लेकरांना विष चारलं, हे मालकांना कळलं तर ते परत उठायचे न्हाईत. आन् न्हाई सांगितलं, तर येऊन परत फासनार.

मालक आले. पानीसुदीक न पिता त्यांनी डब्यात बोटं घातली.

"थांबा," मी म्हनलं. "विटाळ झालाय त्याला."

"कुनाचा?"

"माझा. बाहेरची असताना शिवले मी. डब्याला, दगडांना, समद्याला."

"कवा?"

"पयल्यापासनं."

मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी डबा खड्ड्यात गाडला, मिठाचे दगड लांब भिरकावले, देव पान्यानं धुतला. दिवस बुडायच्या आत आमी सांगोल्याची वाट धरली.

तवापासनं माझ्या हातची भाकरी ते खात न्हाईत. सोताच थापत्यात, वाकडीतिकडी, करपलेली. मेंढरांना मी हात लावायचा न्हाय. वाटंत जो भेटंल त्याला सांगत्यात, "हिच्या विटाळानं कळप गेला माझा." मी मागं उभी राहून ऐकते. आदुगर कुनी एक बोललं तर मी चार ऐकवायची. आता काय वाटतच न्हाय.

उरलेली मेंढरं तगली. काल गाभन मेंढी व्याली. कोकरू धडपडत उभं राहायला लागलं, तशी मी सवयीनं पदर घेऊन त्याला पुसायला वाकले.

"लांब हो!" मालक वराडले. "तुजा हात लागला न्हाय म्हनून जगलंय ते."

"व्हय की," मी म्हनलं, आन् लांब झाले.