खालचा खण

मी दगड बोलतोय, असं म्हणायची सोय मला नाही. मी सिमेंट आहे. थोडी वाळू, थोडं पाणी आणि एका पोत्याचा तळ, एवढ्यावर माझा जन्म झाला. शेजारचे दोघेतिघे संगमरवरी आहेत. ते अजून माझ्याशी बेतानंच वागतात. थडग्याशी उभं राहायचं काम सगळ्यांचं सारखंच, पण प्रतिष्ठा इथंही सुटत नाही.

अमेरिकेत, व्हर्जिनियात माउंट निबो चर्चच्या मागं आम्हा काळ्या लोकांची दफनभूमी आहे. तिथं माझी नेमणूक झाली.

मला घडवलं एल्मोर टन्स्टॉलनं. तंबाखूच्या शेतात राबणारा माणूस. त्याची बायको बाळंतपणाच्या तापात गेली. दगड कोरून घेणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. त्यानं घरातल्या कपाटाचा खालचा खण ओढून काढला, आतून डुकराची चरबी चोपडली आणि त्यात मला ओतलं. चरबी कमी पडली असावी. मी सुटेना, तेव्हा त्यानं हातोड्यानं खणच फोडला. म्हणजे जन्मताच मी घरातली एक चांगली वस्तू मोडून बाहेर आलो.

ओला होतो तेव्हाच त्यानं खिळ्यानं माझ्यावर एक शब्द कोरला होता. आई. नाव नाही, साल नाही. बायकोच्या दगडावर 'आई' कशाला, असं मला वाटलं. मग दारात उभी असलेली त्याची चार वर्षांची पोर दिसली, अरलीथा. दगड तिच्या वतीनं लिहिला जात होता. आणि नाव कशाला लिहायचं? घरात सगळ्यांना ठाऊकच होतं. आपल्याला ठाऊक आहे ते जगाला कायम ठाऊक राहणार, अशी माणसांची पक्की समजूत असते.

तेव्हापासून मी पुल्लिंगी असूनही आई आहे. तक्रार नाही.

एल्मोरनं माझ्या पायाशी निळ्या फुलांची वेल लावली आणि पोरीला घेऊन तो जहाजाच्या गोदीत कामाला गेला, दूर न्यूपोर्ट न्यूजला. तिथं त्यानं दुसरं लग्न केलं. पुढं चर्चही मोठ्या रस्त्याकडे गेलं. लोक आधी दर वसंतात झाडलोट करायला येत, मग फक्त कुणी मेलं की येत, मग तेही दुसरीकडे जाऊन मरू लागले. काटेरी झुडपं वाढली. एका वादळात ओक पडला आणि त्याच्या फांदीनं मला उताणं पाडलं. नंतर बरीच वर्षं मी आकाश बघत होतो. काम हलकं होतं.

मग शनिवारी शनिवारी माणसं यायला लागली. पगार नाही, सक्ती नाही, तरी हातात कोयते. त्यांच्या पुढारी मिसेस ब्रॅक्सटन. जन्मभर पोस्टात नोकरी केलेली बाई. बिनपत्त्याची वस्तू त्यांना बघवत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी गॉर्डन नावाच्या एका निवृत्त गवंड्याला धरलं.

"ते काय आहे हातात?"

"तारेचा ब्रश. आणि ब्लीच. दगड पांढराशुभ्र होतो."

"दात घासता का तुम्ही त्यानं?"

"नाही."

"मग ठेवा गाडीत. इथं पाणी, मऊ ब्रश आणि धीर. धीर घरी राहिला असेल तर आज नुसत्या बादल्या भरा. आणि ती वेल उपटू नका. ती रानात आपोआप येत नाही. वेल आहे तिथं खाली कुणीतरी आहे."

त्यांचे नियम दोनच होते. नोंद पुरी होईपर्यंत दगड जागचा हलवायचा नाही, आणि अंदाजानं नाव लिहायचं नाही. त्यामुळं माझी नोंद झाली, 'आई, नाव अज्ञात'. अशा आम्ही तिघी निघालो.

एका शनिवारी पुतण्याच्या हाताला धरून, रविवारची टोपी घालून एक म्हातारी आली. मी ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा कळलं, ही अरलीथा. दारात उभी होती ती.

"मला माझ्या आईशेजारी जागा हवी," ती म्हणाली. "शहरातल्या नव्या दफनभूमीचा माणूस सारखा फोन करतोय. सोमवारी सांगते म्हटलंय. आई सापडली तर इथं, नाहीतर तिकडे, अनोळखी लोकांत."

"तिघी आहेत, मिस अरलीथा," मिसेस ब्रॅक्सटन म्हणाल्या.

"मला एकच होती."

पुतण्या डेरेल समजूतदार. "आत्या, तिघींच्या मधली जागा घेऊ. सगळ्याच जवळ."

"मी काय बसची वाट बघतेय, मधे उभी राहायला?" मग ती मिसेस ब्रॅक्सटनकडे वळली. "तुम्हीच एक ठरवून लिहा की. कोण विचारतंय?"

"अंदाजानं मी कधी कुणाला पत्र दिलं नाही. आई कशी देऊ?"

म्हातारी घडीच्या खुर्चीवर बसून पंख्यानं वारा घेऊ लागली. तिचा बूट माझ्यापासून वीतभर. माझ्याकडे एकच शब्द होता आणि तो मी केव्हाच सांगून बसलो होतो.

गॉर्डन रुसव्यातच मऊ ब्रशानं माझी कूस धूत होता. तो थांबला. "हे बघा. सिमेंटचा आहे, पण कडेला लाकडाच्या रेघा उठल्यात. इथं दोन खळगे, मुठींच्या स्क्रूंचे. मधे कुलपाचा ठसा. हा खणात ओतलाय. आणि चरबी हात राखून लावली असणार, कडा अशा ओरबाडल्यात. फोडूनच काढावा लागला असेल."

पंखा थांबला.

"कुठला खण?" अरलीथानं विचारलं.

"कपाटाचा. रुंद दिसतो, खालचाबिलचा."

तिनं पंखा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आमच्या कपाटाला खालचा खण नाही. सावत्र आई त्या भोकात बटाट्यांची टोपली सारायची. मी एकदा बाबांना विचारलं, खालचा खण कुठंय? म्हणाले, तुझ्या आईकडे. मला वाटलं, तिचे कपडे भरून बरोबर दिला असेल."

"कपाट आहे अजून?" मिसेस ब्रॅक्सटनचा आवाज पोस्टातला राहिला नव्हता.

"माझ्या झोपायच्या खोलीत."

"मग दुसरा एखादा खण घेऊन या. दगड हलणार नाही, खणानं यायचं."

खण दुसऱ्या दिवशी आणता येईना, रविवारी चर्च. डेरेल त्याच दुपारी परत आला, गाडीच्या मागं अख्खं कपाट दोरीनं बांधून. गाडी पुढं जाईना तेव्हा तो आणि गॉर्डन ते काट्यांतून उचलून आणू लागले.

"आत्या, त्यांनी खण मागितला होता. खण."

"नुसता खण आणला असता तर यांनी विचारलं असतं, कुणाच्या घरचा? जपून. आरशाला धक्का नको."

मधला खण रिकामा केला आणि झाकणासारखा माझ्यावर पालथा घातला. तो सरकत खाली आला आणि अलगद बसला. स्क्रूंची टोकं खळग्यांत, कुलूप ठशात. इतक्या वर्षांनी मी पुन्हा खणात होतो. तोच अंधार, तोच लाकडाचा वास. डांबराच्या गोळ्यांचा तेवढा नवा.

बाहेर नोंदवहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग मिसेस ब्रॅक्सटननी विचारलं, "नाव?"

"लव्हिनिया. लव्हिनिया टन्स्टॉल."

स्वतःवर जे लिहायचं राहून गेलं होतं, ते मी लाकडाच्या आतून ऐकलं.

आता गॉर्डननं खाली खडी भरून, पाणसळ लावून मला उभं केलंय. तो माझ्यावर नाव कोरायला निघाला होता. अरलीथानं हटकलं, "पाटी शेजारी लावा. बाबांनी लिहिलंय त्यावर कुणी लिहायचं नाही." माझ्या डाव्या हाताला तिच्या जागेची खुंटी ठोकलीय. शहरातल्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. ती अधूनमधून खुर्ची घेऊन येते, हॅम भरलेलं बिस्किट, म्हणजे इकडचा मऊ पाव, खाते आणि जाते. तिला घाई नाही. मलाही नाही.

कपाट परत नेताना डेरेलनं विचारलं होतं, "हा मधला खण जागेवर लावू ना, आत्या?"

"लाव. पण मी गेल्यावर विकायचा नाही. तो माझ्या दगडाचा साचा. चरबी मात्र सढळ हातानं लाव. आणि नाव लिही."

बाकीच्या दोघी अजून बिननावाच्या आहेत. त्यातली एक गोल आहे. माझा संशय कपडे धुवायच्या टपावर आहे, पण अंदाज सांगायचा नाही असा इथला नियम. म्हणून एवढीच विनंती करतो. घरातल्या जुन्या सामानात काही कमी असेल, तर त्या भोकात टोपली सारून मोकळे होऊ नका. कुठं गेलं ते विचारा, सांगणारं कुणी आहे तोवर. ते आमच्याकडे असायची शक्यता आहे.