कापलेल्या कोपऱ्याचा पास

मित्रांनो, माझा हा कापलेला कोपरा पाहून हसू नका. मी एक जुना पास आहे. एके काळी माझ्यावाचून एक लोखंडी दार उघडत नसे.

माझा जन्म एका कार्यालयाच्या तळमजल्यावर, गरम यंत्रात झाला. नकाशे काढणाऱ्या एका माणसाचा फोटो कारकुनाने कागदावर डकवला आणि वरून प्लास्टिक चढवले. फोटोत तो इतका ताठ बसला होता, की त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला शिक्षा केली होती का?" गुप्त नकाशांच्या खोलीत जायला मी लागे. पहारेकरी आधी मला पाही, मग त्याला. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू!

पुढे त्याला दारूचे व्यसन लागले. आधी सुट्टीच्या दिवशी, मग रोज. मी त्याच्या छातीशी लटकलेला, त्यामुळे तो वास सगळ्यांच्या आधी मला आला. लवंग चघळून तो इतरांपासून लपवी. एके सकाळी नदीची रेघ ओढताना त्याचा हात थरथरला आणि तो स्वतःच घाबरला. कार्यालयात त्याने कावीळ झाल्याचे कळवले, मला घरच्या खणात ठेवले आणि सहा आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. परतला तेव्हा हात स्थिर होता. मला त्याचा फार अभिमान वाटला.

मुलगी कॅलेंडरवर दारूविना गेलेल्या प्रत्येक दिवसावर लाल फुली मारू लागली. तिची लाल पेन्सिल माझ्याच खणात असे.

मग माझ्या नूतनीकरणाचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: दारूच्या व्यसनावर कधी उपचार घेतले आहेत का?

"खरं काय ते लिहून टाका," बायको म्हणाली. "बरे झालात ना आता?"

"हो लिहिलं तर पास गेलाच म्हणून समज," तो म्हणाला आणि त्याने 'नाही' लिहिले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

महिन्याभराने तपासणी अधिकारी घरी आले. मला टेबलावर ठेवून त्यांनी चार प्रश्न विचारले, पाणी प्याले. उठता उठता सहज मुलीला म्हणाले, "या फुल्या कसल्या गं?"

"बाबांच्या! त्यांनी दारू सोडली. केंद्रात राहून आले ना ते! आज त्र्याण्णव दिवस झाले."

शाबासकी मिळेल म्हणून ती सगळ्यांकडे पाहत राहिली.

अधिकाऱ्यांनी फॉर्म पुन्हा उघडला. "अहो, हे लिहिलं असतंत तर डॉक्टरांचा दाखला मागवला असता. काही महिने थांबावं लागलं असतं, इतकंच. पण खोटं लिहिणाऱ्याच्या हाती गुप्त कागद कसे सोपवू?"

पास रद्द झाल्याची खूण म्हणून माझा कोपरा त्याच तळमजल्यावर, त्याच कारकुनाने कापला आणि मला परत दिले. त्याची मान खाली होती. नकाशेवाल्याला पाकिटे आणि फायली ठेवण्याच्या खोलीत बसवले. तिथे पास लागत नाही.

त्या संध्याकाळी मुलीने विचारले, "बाबा, मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"नाही गं बाळा. ते काम मीच करून बसलो," तो म्हणाला आणि तिच्यासमोरच रडू लागला. मला खणात टाकून त्याने खण लावला.

मित्रांनो, आजार झाला तर तो लपवू नका. आणि तुमच्या घरी कोणी बरे होऊ पाहत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. माझा कोपरा काही आता जुळायचा नाही. माझे आता एकच सुख आहे. संध्याकाळी खण उघडतो, एक छोटा हात लाल पेन्सिल घेऊन जातो, आणि आजचा दिवस नीट गेला हे मला कळते.

काल खण उघडला नाही. आजही अजून उघडलेला नाही.