पाट्याखालचे कागद

नजमुन्निसा म्हैसमाळवरून उतरली ती चिखलानं माखून, पिशवी छातीशी धरून. पिशवीत रुईच्या कुळातली झाडं होती. उतरण, अनंतमूळ आणि दिवसभर काट्याकुट्यांत गुडघे फोडून घेतल्यावर सापडलेलं कंदीलपुष्प. हे फूल भादवा सरला की दिसायचं नाही. नमुने बिघडले तर एम.एस्सी.चं वर्ष हातचं गेलंच म्हणायचं.

बेगमपुऱ्यातल्या घरी तिनं प्रत्येक झाडाला चिठ्ठी बांधली, घरातल्या वर्तमानपत्रांत पसरून दोन फळ्यांमध्ये घातलं आणि वजनाला अम्मीचा जुना पाटा ठेवला. चिकाची झाडं ही, लवकर वाळायचं नाव घेत नाहीत. रोज कागद बदलावे लागतात, नाहीतर बुरशी ठरलेली. आणि नेमक्या त्याच संध्याकाळपासून नजमा बाईसाहेब तापानं फणफणल्या.

ताप उतरला तोवर आठवडा सरत आला होता. भिंतीला धरत ती पाट्यापाशी गेली आणि किंचाळलीच. तिनं घातलेला एकही कागद तिथं नव्हता.

"अम्मी! किसने हात लगाया इसकू?"

जैतुनबीचा चेहरा एवढासा झाला. "मैं क्या करती, बेटा? उर्दू अखबार था. अल्ला का नाम पाटे के नीचे! तौबा! लक्ष्मीबाई से मराठी अखबार लाके उसमें रखी सब."

शेजारच्या लक्ष्मीबाई दारातच उभ्या होत्या. "आन् दुसऱ्या दिशी मी बघायला आले, तर आमच्या पेपरात गणपतीचा फोटू! बाप्पाला पाट्याखाली ठिवून मला घास गेला असता व्हय? दुसरे पेपर आणले, तर त्यात दर्ग्याच्या उरुसाची बातमी. मंग तुझ्या अम्मीला चैन पडंना. सणासुदीचे पेपर, रोजच कुणी ना कुणी निघायचं. रोज बदलले बाई आम्ही. पण तुझ्या पानाला धक्का लागू दिला नाय."

रोज! नजमाचा राग तोंडातच राहिला. तिनं कागद उघडला. कंदीलपुष्प सपाट, खडखडीत वाळलेलं, कंदिलाच्या तोंडावरचा जांभळा रंगही जागच्या जागी. बुरशीचा ठिपका नाही. तिनं दोघींचे हात धरले आणि ती रडू लागली.

"लई नुकसान झालं का गं?" लक्ष्मीबाई घाबरल्या.

"नाही काकू. तुम्ही माझं वर्ष वाचवलंत."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. पोरीचा ताप अजून पुरता उतरला नाही, असं त्यांना वाटलं असावं.

पुढच्या खेपेला नजमानं मुद्दाम कोरे कागद आणले. ज्यांनी एवढं जपलं, त्यांच्या जिवाला पुन्हा घोर नको. सकाळी उठून पाहते तर पाटा बाजूला, आणि दोघी फळ्या उघडून बसलेल्या.

"काकू, यावर कुणाचंच नाव नाही. हे कशाला बदलताय?"

"हात लावून बघ की, दमट झालेत," लक्ष्मीबाई मान वर न करता म्हणाल्या.

"तू जा," जैतुनबीनं अनंतमुळाची वेल तान्ह्या पोराला उचलावं तशी दोन्ही हातांवर घेतली. "कॉलेजकू देर होती. हम हैं ना."