एका झुडपाचे तीन माळी

सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही. लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या फ्लॅटचा पाव हिस्सा आमचा, बाकीचा हाउसिंग असोसिएशन नावाच्या घरसंस्थेचा. इमारतीच्या देखभालीचा सर्व्हिस चार्ज मात्र अख्खा आम्हीच भरायचा. यंदा तो एकदम दुप्पट! सूनबाई वृंदानं बिल माझ्यापुढे धरलं. "बाबा, घर सोडावं लागेल हो!"

मी तडक असोसिएशनच्या मॅनेजरच्या ऑफिसात. म्हटलं, "बागकामाच्या पावत्या दाखव." बाग कसली, एक झुडूप! आणि बिलात माळी तीन! त्यानं कपाट उघडलं, तर पावत्यांच्या ढिगाऱ्याखाली तीन माळी गाडलेले! मीच ओढून काढले. मॅनेजर म्हणाला, "चुकलो, चार्ज उतरवतो."

"बाबा!" वृंदा ओरडली. "त्यांचं ऑफिस तिकडे लांब लीड्सला आहे, गाडीनं जायलाच तीन-चार तास लागतात! तुम्ही दूध आणायला गेला होतात, वीस मिनिटं! आधी या हरकतीच्या पत्रावर सही करा."